आधी नाव, मंग गाणं

अनुसया खरात, राहणार वाटूर, तालुका परतूर, जिल्हा जालना. १९९२ साली, चौदा एप्रिलच्या आदल्या दिवशी, सोमवारी, या बाईचं गाणं तिचं नाव कापून बाजारात आलं. कापणारी शहरातली एक कॅसेट कंपनी. शब्द बाईचे, चाल बाईची, गळा बाईचा, आणि कव्हरवर छापलेलं, ‘गीत : पारंपरिक’. मी पत्रकं लिहिणारा माणूस. अन्याय कुणावर झाला ते पहिल्या ओळीत लिहावं, हे मला चळवळीनं शिकवलं असं लोक समजतात. चूक. ते आत्यानं शिकवलं.

आत्या माझी एकट्याची नव्हे, सगळ्या वाटूरची. गाण्याआधी ती तीन टाळ्या वाजवायची, लाकूड फोडल्यासारख्या. मग म्हणायची, “अनुसया, वाटूर.” मगच सूर लावायची. जयंतीच्या स्टेजवर कुणी ‘आता एक भगिनी गीत सादर करतील’ म्हणालं, की माईक ओढून घ्यायची. “कोन भगिनी? नाव घेतल्यानं जीभ झिजती का तुझी? आधी नाव, मंग गाणं.”

शाळेत जाणाऱ्या पोरीला ती त्या गाण्यात सांगायची, पाटीवरचं तुझं नाव पुसू नको. शेवटच्या कडव्यात, आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे, रचणारीची सही होती : ‘वाटूरची अनुसया सांगे’. कंपनीनं नेमकं तेच कडवं उडवलं. विचारायला गेल्यावर उत्तर मिळालं, “बाई, टेपात जागा न्हाई उरली.” आत्यानं कॅसेट आणून लावली. गाणं संपल्यावर नुसती कोरी फीत घरघरत होती. आत्या म्हणाली, “ह्या कोऱ्यात माझं कडवं दोनदा बसून वर चहा पिऊन झाला असता.”

त्यानंतर गावात कुठंही ती कॅसेट लागली आणि आत्या जवळ असली, की कोरी फीत सुरू होताच ती उभी राहून उरलेलं कडवं म्हणायची. हॉटेलात, पिठाच्या गिरणीत, एकदा तर परतूरच्या एसटीत. “मी जित्ती हाये, आन् हे मला पारंपरिक करून राह्यले.” लोक हसायचे. मीही हसायचो. पण तिला एकच हवं होतं, जिवंतपणी गाण्यात आपलं नाव ऐकायचं.

२००७ साली मी वाटूर फाट्यावर कॉम्प्युटर क्लास चालवत होतो. इंटरनेट होतं, वीज असेल तेव्हा. मी म्हटलं, आत्या, कंपनी गेली खड्ड्यात, आपणच रेकॉर्ड करू. तिचा जुना ढोलकीवाला सांडूमामा, मूळ हसनाबादचा, सुरतेला मिलमध्ये होता. बेंजोवाले युसूफभाई हैदराबादचे, गाणी करणाऱ्यांच्या एका साइटवर मला भेटलेले. ठरलं असं : आत्यानं इथं गायचं, फाइल दोघांना मेलनं जाणार, त्यांनी ती कानात ऐकत आपापलं वाद्य वाजवून परत पाठवायचं, आणि मी सगळं एकावर एक बसवायचं. एक फाइल चढायला अर्धी दुपार जायची. भारनियमन आलं की पुन्हा पहिल्यापासून.

आत्याची अट एकच. ज्यानं त्यानं आधी तिच्या टाळ्यांवर बरोबर आपल्या तीन टाळ्या वाजवायच्या, नाव-गाव सांगायचं, मग वाजवायचं. फाइली आल्या. “सांडू, हसनाबाद, हल्ली मुक्काम सुरत.” “मैं युसूफ, बेंजो, हैदराबाद. आपा, आपकी टाली बराबर पकड्या मैं.”

आणि मी गाढवपणा केला. हा सुरुवातीचा कचरा समजून तिन्ही फाइलींमधून टाळ्या आणि नावं कापून टाकली. मग ढोलकी एकीकडे, बेंजो दुसरीकडे, आत्या मधेच उघडी. तीन दिवस माझ्यानं काही जुळेना. आत्यानं पडद्यावर बोट ठेवलं. “माझ्या टाळ्या कुठं हायेत? सांडूचं नाव कुठं हाये?”

मी सांगितलं.

“तूबी कापलं,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “पत्रकवाल्या, तूबी कंपनीच निघाला की रे.”

एवढं लागेल असं आयुष्यात मला कुणी बोललेलं नाही. मेलमधल्या मूळ फाइली पुन्हा उतरवल्या. पडद्यावर प्रत्येक टाळीचा एक उंच सुळका दिसत होता. सुळक्याखाली सुळका ठेवला, आणि वाटूर, सुरत, हैदराबाद एका ठेक्यात आले. टाळ्या होत्या म्हणूनच जुळलं. आत्यानं ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाली, “आता हे मोड. पुन्यांदा करायचं.”

“आता का?”

“सही शेपटाला हाये. शेपूट कुनीबी कापतं. सही पाठीच्या कन्यात घालू. कना कापून दाखव म्हनावं.”

तिनं नाव शेवटच्या कडव्यातून काढून पालुपदातच बसवलं : ‘नाव पुसू नको गं पोरी, म्हणे वाटूरची अनुसया’. सांडूमामानं आणि युसूफभाईंनी एका शब्दानं कुरकुर न करता सगळं नव्यानं वाजवून पाठवलं.

पुढच्या जयंतीला ते गाणं मोबाइलमधून मोबाइलमध्ये पसरलं. मेमरी कार्ड भरून देणाऱ्या दुकानदारांनी त्याचीही रिंगटोनसाठी कापाकापी केलीच. कापून काय घेतलं? पालुपद. फाट्यावरच्या हॉटेलात आम्ही बसलो होतो तेव्हा एका अनोळखी ट्रकवाल्याचा फोन वाजला : ‘म्हणे वाटूरची अनुसया’. तो उचलायला गेला तर आत्यानं त्याचा हात धरला. “थांब भाऊ, वाजू दे. मी हाये ती.” मग बशीत चहा ओतत म्हणाली, “कापा म्हनावं आता. लई कापा.”

आत्या गेल्या पावसाळ्यात वारली. निरोप द्यायला लोक जमले होते आणि गर्दीत कुणाचा तरी फोन वाजला. कुणीही रागावलं नाही. बंद करायला कुणी सांगितलं नाही.

आता तुमच्याकडे येतो. ती जुनी कॅसेट तुमच्या घरात आहे, कपाटावर नाहीतर ट्रंकेत. काढा. पेन घ्या. ‘पारंपरिक’ खोडा आणि लिहा : अनुसया खरात, वाटूर. मग वाजवा. आणि कोरी फीत घरघरायला लागली की उभे राहा आणि उरलेलं कडवं म्हणा. त्याआधी तीन टाळ्या. आणि स्वतःचं नाव.