मखमलीखालची खळ

कोणताही माल परदेशी जायला निघाला, की तो जेथे उतरणार ते बंदर विश्राम आरोलकर आधी नकाशात शोधून काढत. हे काम त्यांच्याकडे कोणी सोपवलेले नव्हते. चंदिगढच्या सेक्टर सतरामधल्या त्या सरकारी कार्यालयाची जबाबदारी मर्यादित होती: लहान कारखानदारांना परदेशी निविदांची माहिती द्यायची, त्यांची कागदपत्रे भरून घ्यायची, नमुना तपासून शिक्का मारायचा आणि जमले तर एखाद्या प्रदर्शनात त्यांच्यासाठी कोपऱ्यातले टेबल मिळवायचे. जालंधरच्या हॉकी स्टिका आणि लुधियान्याच्या शिवणयंत्रांचे सुटे भाग त्या शिक्क्याखालून जगभर जात. ते पोचल्यावर त्यांचे काय होते, हा प्रश्न मात्र कार्यालयाच्या कोणत्याही रकान्यात बसत नसे. तो एकट्या आरोलकरांना पडे.

वेंगुर्ल्याजवळच्या आरोली गावातून ते हवाई दलात भरती झाले होते. विमानांची उपकरणे दुरुस्त करत करत चंदिगढच्या तळावर पोचले, सेवाही तेथेच संपली, आणि गावी परतण्याऐवजी तांत्रिक साहाय्यक म्हणून ते या कार्यालयात चिकटले. १९८८ साली त्यांना तेथे सहा वर्षे झाली होती. पंजाबातल्या अतिरेकी कारवायांमुळे परदेशी खरेदीदार इकडे फिरकेनासे झाले होते. जे येत ते दिल्लीच्या हॉटेलात बसून नमुने पाहत आणि तेथूनच परत जात. चंदिगढचे बाजार दिवेलागणीपूर्वी मिटत. बसथांब्यांवर, बागेतल्या बाकांवर, सिनेमागृहांच्या भिंतींवर बेवारस वस्तूला हात न लावण्याच्या सूचना रंगवलेल्या होत्या.

त्या उन्हाळ्यात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका देशाच्या शिक्षणखात्याने शाळांसाठी चारशे सूक्ष्मदर्शकांची निविदा काढली. ती भरायला सरदार तरलोचन सिंग आले. तरनतारनकडे त्यांचा भिंगे घासण्याचा तीस वर्षांचा कारखाना होता. धमकीची दोन पत्रे आल्यावर आदल्या हिवाळ्यात त्यांनी लेथ आणि घासचाके ट्रकवर चढवली आणि मोहालीत एक शेड भाड्याने घेतली. अकरा कारागीर बायकामुलांसह त्यांच्यामागून आले. देशातली जुनी गिऱ्हाइके मात्र आली नाहीत.

"ये मिल गया तो इस साल की सर्दियाँ मोहाली में, आरोलकर जी," ते पहिल्याच भेटीत म्हणाले. "नहीं मिला तो ताला. फिर सब को वहीं लौटना है, जहाँ से भागे थे. मैं तो बूढ़ा हूँ. बिशन के तीन लड़के हैं, जवान."

निविदेत एक जोडपत्र होते. किनाऱ्यावरच्या हवामानात माल टिकेल याची चाचणी कशी घेतली, हे उत्पादकाने स्वतः लिहायचे आणि त्यावर साहाय्य करणाऱ्या कार्यालयाने साक्ष द्यायची. साक्षीची सही आरोलकरांची होती. तरलोचन सिंगांनी सूक्ष्मदर्शक मोहालीच्या गच्चीवर, उन्हाळ्याच्या कोरड्या, तापलेल्या वाऱ्यात ठेवला होता.

"छह दिन लू में पकाया है जी! हाथ नहीं लगाने देता था. फिर भी फोकस पक्का!"

आरोलकरांनी डोळा लावून पाहिले. फोकस खरोखरच पक्का होता. पितळेच्या नळीच्या स्पर्शाने हात सुखावत होता, आणि ज्या पेटीतून उपकरण निघाले तिची तर बातच और होती. देवदाराचे लाकूड, आत गर्द लाल मखमल, प्रत्येक भिंगासाठी मापाचा खळगा. "दुल्हन की तरह भेजते हैं," तरलोचन सिंग म्हणाले. पेटीला मखमल लावणे ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत होती.

त्या दिवशी आरोलकरांनी नकाशात ते बंदर पाहिले. ते विषुववृत्ताला जवळजवळ टेकलेले होते, आणि पर्जन्यमानाच्या पानावर तेथे वर्षातून दोन पावसाळे दाखवलेले होते. आरोलीत एकच असतो, आणि त्यातही ट्रंकेतले लग्नाचे बूट हिरवे होतात. पंजाबातल्या माणसाला उष्णता म्हणजे लू एवढेच ठाऊक. दमट उष्णता वस्तूचे काय करते, हे त्याने पाहिलेलेच नसते. पण सूक्ष्मदर्शक म्हणजे पितळ आणि काच. त्यांच्यावर बुरशी येऊन खाणार काय?

हा प्रश्न घेऊन ते श्रीपाद हर्डीकरांकडे गेले. हर्डीकर सेक्टर तीसमधल्या वैज्ञानिक उपकरणांच्या प्रयोगशाळेत संशोधक होते. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत दोघांची ओळख झाली होती.

"काच ती खात नाही हो," हर्डीकर म्हणाले. "पण शेजारी खायला काही मिळालं, की पाय पसरायला काचेवर येते. एकदा आली की काच कायमची कोरली जाते."

"आणि शेजारी काय असतं?"

"ते तुमच्या सरदारजींना विचारा. नाहीतर स्वतः पाहा. दमट पेटीत अठ्ठावीस दिवस, तीस अंशांवर. तेवढे दिवस मात्र द्यावेच लागतात, घाई चालत नाही."

आरोलकरांनी तरलोचन सिंगांकडे शिकण्यासाठी म्हणून एक उपकरण मागितले. "ले जाओ जी, बच्चों को मक्खी दिखाना," म्हणत त्यांनी ते पेटीसकट हाती ठेवले. घरी आल्यावर आरोलकरांनी हवाई दलातली पत्र्याची जुनी ट्रंक न्हाणीत नेली. तिच्या बुडाशी ओले गोणपाट घातले, झाकणाला भोक पाडून बल्बची वायर आत सोडली आणि एक तापमापक टांगला. बल्ब किती वेळ लावला म्हणजे पारा तिसाजवळ राहतो, याचा तक्ता त्यांनी दारामागे चिकटवला. उपकरण पेटीत ठेवून पेटी अर्धवट उघडी ठेवली. डोळ्याकडचे एक भिंग मात्र पेटीबाहेर, पण ट्रंकेतच, तारेच्या जाळीवर ठेवले. ते वेगळे का ठेवावेसे वाटले, हे त्यांना त्या वेळी नीट सांगता आले नसते.

"ह्यां काय हाडलास?" त्यांच्या पत्नी शशिकलाबाईंनी दारातूनच विचारले.

"वेंगुर्ल्याचो जुलै," आरोलकर म्हणाले.

"लोकां वस्तू पावसापासून सांभाळतत, आणि तुमी मुद्दाम भिजवतास? आणि आमी न्हावचां खंय?"

"अठ्ठावीसच दिवस गो."

"अठ्ठावीस! सरकारान पगार दिल्यान तां कमी पडलां, आता न्हाणी पण घेतल्यानी!" असे म्हणून त्या बादली घेऊन मागच्या अंगणात गेल्या. पण चौथ्या दिवसापासून गोणपाटावर पाणी शिंपडण्याचे काम त्यांनीच घेतले, कारण आरोलकर ते विसरत आणि मग इतक्या दिवसांचे हाल फुकट गेले असते.

बावीस मेला बंद केलेली ट्रंक एकोणीस जूनला उघडली. जाळीवरचे भिंग रुमालाने पुसताच लख्ख झाले. पेटीतली भिंगे मात्र पुसली जाईनात. त्यांच्यावर पांढऱ्या, अतिशय बारीक रेषांचे जाळे पसरले होते आणि सगळ्या रेषा कडेकडून, मखमलीच्या बाजूने आत आल्या होत्या. आरोलकरांनी मखमलीचा कोपरा नखाने उचलला. आंबलेल्या पिठाचा वास आला. लाकडावर मऊ, करड्या केसांचे रान माजले होते. तरलोचन सिंगांच्या कारखान्यात मखमल मैद्याच्या खळीने चिकटवत. पंजाबच्या कोरड्या हवेत तीन दशके त्या खळीने कोणाचे काही बिघडवले नव्हते. खायला शेजारी काय असते, याचे उत्तर त्यांच्या नखाखाली होते.

त्यांना आनंद झाला, आणि लगेच आपल्या आनंदाची लाजही वाटली. निविदेची शेवटची तारीख आठ जुलै होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ट्रंक जशीच्या तशी स्कूटरच्या मागे बांधली आणि मोहालीची वाट धरली. चंदिगढ संपून पंजाब सुरू होतो तेथल्या नाक्यावर निमलष्करी दलाच्या जवानाने हात केला. आरोलकर थांबले, आणि त्याची नजर कुठे खिळली आहे हे पाहिल्यावरच आपण काय घेऊन निघालो आहोत ते त्यांच्या ध्यानात आले. लष्करी ट्रंक, झाकणातून बाहेर आलेली वायर आणि पाणी ठिबकणारा तळ.

"गाडी छोड़ो! बीस कदम पीछे! हाथ ऊपर!"

पाठीमागची बस रिकामी झाली. दुधवाला कॅन तेथेच टाकून शेतात पळाला. आरोलकर हात वर करून, सूक्ष्मदर्शकाचा हिंदी शब्द आठवून, ओरडून सांगत होते, "खुर्दबीन है! स्कूल की खुर्दबीन! अंदर बारिश है!" शेवटच्या वाक्याने परिस्थिती सुधारली नाही.

अर्ध्या तासाने वाळूच्या पोत्यांमागून एक वयस्क हवालदार आला. त्याने लांब काठीने झाकण उचलले. काही झाले नाही. तो जवळ गेला, वाकला आणि त्याने नाकाने दीर्घ श्वास घेतला. मग तो हसू लागला.

"किधर का है तुम?"

"वेंगुर्ला. कोकण."

"हम अलेप्पी का. ये तो मेरे घर का अलमारी है, जुलाई में!" त्याने स्वतः ट्रंक पुन्हा बांधून दिली. वर बजावले, "अगली बार वायर निकालके लाना, साब. सब लोग केरल का नहीं होता."

तरलोचन सिंगांना हसू आले नाही. कारागिरांसमोर उघडलेली पेटी त्यांनी पाहिली आणि त्यांचा आवाज चढला.

"मक्खी दिखाने को दी थी आपको! बाथरूम में सड़ा के लाए हो? कौन रखता है ऐसे?"

"जिथे तुम्ही पाठवताय तिथे सगळेच ठेवणार आहेत, सरदारजी," आरोलकर बोलून गेले, आणि आपण मराठीत बोललो हे उमगल्यावर तेच हिंदीत म्हणाले.

"तो सही नहीं करोगे?"

"लू की बात पर नहीं करूँगा."

शेडमधले पट्टे फिरायचे थांबले होते. बिशन सिंग पुढे आला. पेटीत भिंग बसवण्याचे काम त्याचे. त्याने कोरले गेलेले भिंग उचलले आणि दुसऱ्या, नव्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. बराच वेळ तो पाहत राहिला.

"सरदारजी," तो शेवटी म्हणाला, "देखो तो सही. जड़ें हैं. पेड़ है पूरा."

तरलोचन सिंग रागातच वाकले. आणि मग वाकलेलेच राहिले. त्यांचा उजवा हात सवयीने फोकसच्या चाकावर गेला, तो आधी हळूहळू आणि मग झपाट्याने फिरू लागला. आयुष्यभर भिंगे घासलेल्या त्या माणसाने स्वतःच्या भिंगावर उगवलेले काहीतरी प्रथमच पाहिले होते. फांद्या, फांद्यांना फुटलेल्या फांद्या आणि टोकाशी लोंबणारे गोल दाणे. "वाह ओए," ते पुटपुटले. "तू मेरी रोटी खा रही है, और कितनी सुंदर है." वर पाहिले तेव्हा राग ओसरला होता, आणि त्याच्या जागी भीती आली होती. "अब?"

मखमल काढता येत होती. हर्डीकरांनी सुचवल्याप्रमाणे पेटीत रबराच्या वाट्या बसवता येत होत्या, झाकणाला घट्ट पट्टी लावता येत होती आणि ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुरचुंडी ठेवता येत होती. पाच-सहा दिवसांत तेवढे झाले असते. पण नवी पेटी टिकते हे दाखवायला पुन्हा अठ्ठावीस दिवस हवे होते, आणि ते नव्हते.

कार्यालयाचे प्रमुख अरोडा साहेब वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी सारे ऐकून घेतले, कपाळाला हात लावला आणि ते इंग्रजीत म्हणाले,

"आरोलकर, आपलं काम माल खपवायला मदत करणं आहे. निविदेत स्वतःचा दोष लिहिणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. लूची चाचणी झाली ना? खोटी नाही ना? मग तेवढीच लिहा."

"मग साक्षीच्या जागी दुसऱ्या कोणाची सही घ्यावी लागेल, साहेब."

अरोडा साहेबांनी जोडपत्र त्यांच्याकडे परत सरकवले. "सरदारजींना विचारा. शेड त्यांची आहे. ते म्हणतील तसं जाईल."

तरलोचन सिंगांनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी ते आले, खुर्चीत बसले आणि निवेदन स्वतः सांगू लागले. आरोलकर ते इंग्रजीत उतरवत गेले. लूमध्ये सहा दिवस ठेवले, उपकरण टिकले. दमट ट्रंकेत अठ्ठावीस दिवस ठेवले, टिकले नाही. कारण मैद्याची खळ. मखमल काढून पेटी बदलली आहे. नव्या पेटीची चाचणी सव्वीस जूनला सुरू झाली असून चोवीस जुलैला संपेल. निकाल चांगला असो वा वाईट, टेलेक्सने कळवू.

"बुरा भी?" आरोलकरांनी लेखणी थांबवली.

"लिख दो," तरलोचन सिंग म्हणाले. "अब आधा सच बोल के क्या करेंगे."

शशिकलाबाईंनी न्हाणी आणखी एक महिना सोडली. चोवीस जुलैला सगळी भिंगे पुसताच स्वच्छ झाली आणि अरोडा साहेबांनी टेलेक्सचा मजकूर स्वतः शेजारी बसून टंकवून घेतला. त्यानंतर ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. उत्तर नाही. दोन कारागिरांच्या घरी गाठोडी बांधली जाऊ लागली.

ऑक्टोबरच्या मध्यावर दिल्लीला बोलावणे आले. हॉटेलच्या एका खोलीत शिक्षणखात्याच्या एक बाई आणि त्यांचा तंत्रज्ञ बसला होता. सात कारखान्यांची निवेदने समोर होती. बाईंनी तरलोचन सिंगांचे उचलले. आरोलकर दुभाष्याच्या खुर्चीत बसले.

"बाकी सहा जणांच्या मालात काहीच दोष नाही," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "तुमच्या मालातला एक तुम्ही शोधलात. आणखी किती असतील?"

आरोलकरांनी प्रश्न हिंदीत सांगितला. काहीतरी समजूतदार, कार्यालयात शोभेल असे उत्तर त्यांच्या मनात तयारही झाले होते. तरलोचन सिंग मात्र प्रामाणिकपणे विचारात पडले.

"पता नहीं जी," ते म्हणाले. "एक बारिश वहाँ की देखेंगे, तब पता चलेगा."

तंत्रज्ञ हसला. बाईंनी त्याच्याशी त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलून घेतले. मग निर्णय सांगितला. चारशे नाहीत, आधी ऐंशी. ते दोन पावसाळे किनाऱ्यावरच्या शाळांत राहतील. काय बिघडले, काय टिकले, ते तेथून लेखी येईल आणि पुढचे त्यावर ठरेल. पहिला माल जानेवारीत निघायला हवा.

ऐंशींवर शेड किती चालेल, याचा हिशेब तरलोचन सिंगांच्या ओठांवर मूकपणे हलत होता. हिवाळा निभत होता. त्यापुढचे तेथल्या पावसाच्या हाती होते.

खोलीबाहेर येताच ते स्वागतकक्षातल्या दूरध्वनीकडे धावले. मोहालीत शेडशेजारच्या किराणा दुकानात फोन होता. लाइन लागायला चार प्रयत्न लागले. आरोलकर बाजूला उभे होते, आणि तेथल्या शाळेत ती पेटी प्रथम उघडणारे मूल आधी काय पाहील, या विचारात हरवले होते. माशीचा पंख, केस, की स्वतःच्याच बोटाचे टोक? एवढ्यात सरदारजींचा आवाज साऱ्या कक्षात घुमला.

"ओए, बिशन को बुला! बिशन... सुन! गठरियाँ खोल दो. हाँ, सब की. और लड़कों का नाम लिखवा दे मोहाली के स्कूल में!"