वरची दांडी

पुसदला भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत जहीर मिस्त्रीचं सायकलचं दुकान होतं. घरोघरी मोटारसायकली आल्या तशी गल्लीतली बाकीची दोन दुकानं उठली, जहीरचं टिकलं. त्याच्या हाताखालून गेलेली सायकल वर्षभर कुरकुरत नसे. शिवाय खाली वळलेल्या हँडलची रेसर सायकल पूर्ण उघडून पुन्हा नीट जुळवणारा तिथे तो एकटाच. तशा सायकली गावात होत्या जेमतेम चार-पाच. त्यातली एक पुंडलिकराव सरांची.

पुंडलिकराव शाळेत व्यायाम शिकवायचे. तरुणपणी सायकलच्या शर्यती गाजवलेल्या, त्यामुळे गावात मान होता. पन्नाशीला आले आणि मान आखडली. रेसरचे ब्रेक हँडलच्या वळणावर, पार पुढे. तिथवर हात न्यायचा तर कंबरेतून वाकायला हवं, आणि ते त्यांना जमेना. एक दिवस ते नांदेडहून दोन बारीक दांड्या घेऊन आले. मूळ ब्रेकला जोडायच्या, म्हणजे ताठ बसून हँडलच्या वरच्या आडव्या भागावरूनच ब्रेक दाबता येतो.

जहीरने दांड्या बोटांनी वाकवून पाहिल्या. "सर, लावून देतो. पण हा ब्रेक बाजारातल्या गर्दीत हळू करायले आहे, उतारावर थांबवायले नाही. जोरात दाबली की दांडीच लवते अन् हँडलले टेकते. चाक पुरं धरतच नाही. उतार लागला की हात खाली घेत जा."

"शर्यती मी केल्यात, जहीरभाई," सर हसले.

त्या हिवाळ्यात कापसाचा भाव असा बसला, की वावरातून घरी आणलेला माल घरातच पडून राहू लागला. खरेदी केंद्र चार दिवस चालू, आठ दिवस बंद. रांगेत थकलेल्या भरल्या बंड्या, बैल जुंपलेल्या, तशाच गावाकडे परतत. अशाच एका रविवारी सकाळी सर माळपठारावरच्या आपल्या शेतातून पुसदकडे उतरत होते. वळणाच्या पलीकडे एक बंडी चढ चढत होती. मागून शकुबाई चालत होती, कापूस वेचणारी, पाठीवर गाठोडं घेतलेली. सरांची सायकल तिच्यावर आदळली. सरांच्या खांद्याचं हाड मोडलं. शकुबाईच्या गुडघ्याचा चुरा झाला.

दवाखान्यात सरांनी बयान दिलं, मिस्त्रीने लावलेला ब्रेक ऐन उतारावर तुटला.

हे कळताच जहीर हातातलं काम टाकून चौकीत गेला. सायकल भिंतीला टेकवलेली होती. त्याने पुढचं चाक उचलून गरकन फिरवलं आणि खालचा ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. मागचंही थांबलं. वरच्या दोन्ही दांड्या शाबूत होत्या.

"पाहा ना साहेब. कुठं तुटला?"

जमादाराने कागदावरून मान वर केली. "मग सर खोटं बोलतील का, मिस्त्री?"

जहीरने चाक खाली ठेवलं. घरी बायकोने, आयशाबीने, विचारलं, "तुम बोले थे ना उनको?"

"बोला था."

"किसके सामने?"

"किसीके नहीं."

गुन्हा काही नोंदला गेला नाही. शकुबाईच्या नवऱ्याची समजूत काढून प्रकरण मिटवलं गेलं. पण शाळेतल्या मुलींच्या साठ सायकलींचं काम जहीरकडून काढून घेतलं. जे येत, तेही पायडलवर पाय ठेवता ठेवता विचारत, "मिस्त्री, ब्रेक नीट कसला ना?" वीस वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. आधी तो उत्तर द्यायचा. नंतर नुसती मान हलवायचा.

चार महिन्यांनी शकुबाई काठी टेकत दुकानात आली. पायरीवर बसायलाच तिला बराच वेळ लागला.

"मिस्त्री, मी पाह्यलं होतं," ती म्हणाली. "सरांचे दोन्ही हात वरतं होते. खालच्या ब्रेकले हातच नाही लावला."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"मले कोणी इचारलंच नाही. अन् इचारलं असतं तरी... त्याहीच्या भावाच्या वावरात वेचत होतो आम्ही. पोरगी त्याहीच्याच शाळेत हाय."

जहीरच्या तोंडाशी शिवी आली होती. तिचा ताठ पडलेला पाय बघून ती त्याने गिळली आणि तिला पाणी आणून दिलं.

पुढच्या पावसाळ्यानंतर पुंडलिकराव स्वतः आले, तीच रेसर हाताने ढकलत. "जहीरभाई, गावातल्या दुसऱ्या दोघा मिस्त्र्यांकडे नेऊन पाहिली. कुणालाच जुळत नाही. तुमच्याशिवाय भरवसा नाही."

जहीरने पाना खाली ठेवला. "त्या दिवशी ब्रेक तुटला होता का, सर?"

सरांनी गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. कुणी नव्हतं. "नाही," ते हळूच म्हणाले. "पण बाईचा पाय गेला होता, जहीरभाई. माझ्या नोकरीवर आलं असतं. तुमचं काय, दुकान तर राहिलंच ना."

"हेच चौकीत चालून सांगा."

"मिटलेलं आता कशाला उकरता?"

सायकल परत पाठवावी असं जहीरच्या मनात आलं. पण तो उतार त्याच्या डोळ्यांसमोर होता, आणि कुणीतरी तिथून चढत असणारच होतं. त्याने सायकल घेतली. वरच्या दांड्या काढल्या, नवी रबरं घातली, वायर ताणली आणि दांड्या कागदात गुंडाळून सरांच्या हातात दिल्या.

"आता थांबते. पण हात खाली घ्यावा लागन."

आठ दिवसांनी सर बाजारातून जाताना दिसले. दांड्या पुन्हा बसवलेल्या होत्या. ताठ बसून, दोन्ही हात वर ठेवून ते चालले होते. जहीरला पाहून त्यांनी मान हलवली.

त्यानंतर वर्षभरात जहीरने सायकलींचं काम बंद केलं आणि फवारणीचे पंप दुरुस्त करू लागला. त्यातही त्याचा हात चांगला बसला. पण गल्लीत नवं कुणी पत्ता विचारत आलं, की पानवाला अजून तसंच सांगतो, "तो का? ज्याच्या ब्रेकनं सर पडले होते, तोच मिस्त्री."