वैजू डॉक्टरांचे सुटे हात

वैजू डॉक्टरांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दात काढायच्या उभ्याने, डबा खायच्या उभ्याने, फोन आला की खिडकी ते दार, दार ते खिडकी. डोंबिवली पूर्वेला आमच्या इमारतीत तळमजल्यावर मी आणि बरोबर माझ्या डोक्यावर त्यांचा दवाखाना. दिवसभर त्यांच्या चपला माझ्या छपरावर चालायच्या. एकदा वैतागून वर गेलो आणि म्हटलं, "बाई, जरा टेका की कुठेतरी."

"टेकले की झोप येते," त्या म्हणाल्या. "आलाच आहात तर आ करा. मोठा. अरे देवा! या तोंडाने जेवता कसं, मिस्त्री?"

अशी आमची ओळख. कवळी बसवायला मी नाही म्हणालो ते म्हणालोच. माझं शिक्षण चौथी, तेही अर्धवट. पण कोलशेतच्या कारखान्यात एकतीस वर्षं ड्रिल मशीनवर उभा होतो. माझं एक भोक वाकडं गेलेलं कोणी दाखवून द्यावं. तर त्या दिवशी तोंडात कापसाचा बोळा घेऊन पडलो होतो, तेव्हा पक्कडी ठेवायच्या ट्रेमध्ये मला बोटाएवढे शिपाई दिसले. प्लास्टिकचे, रंगवलेले, नाकडोळे असलेले. आणि एकालाही उजवा हात नाही.

बोळा निघाल्यावर मी पहिलं ते विचारलं. "या वयात बाहुल्या?"

"बाहुल्या नाहीत हो, फौज आहे माझी," बाई म्हणाल्या. वय पन्नाशीच्या पुढे, पण चेहरा असा फुलला की मीच ओशाळलो.

दर रविवारी ठाण्यात एका हॉलवर दहाबारा जण जमायचे. मोठ्या टेबलावर खोटे डोंगर, खोटी घरं मांडायची, दोन्ही बाजूंनी फौजा उभ्या करायच्या, टेपने अंतर मोजायचं, फासे टाकायचे आणि लढायचं. ज्याच्या हातात जे हत्यार, त्याप्रमाणे त्याची ताकद. आज शिपायाला तलवार हवी, पुढच्या रविवारी बंदूक. म्हणून बाई प्रत्येकाच्या खांद्यात बारीक भोक पाडून बाजरीच्या दाण्याएवढं चुंबक बसवायच्या, तसंच दुसरं हातात. एक हात काढायचा, दुसरा लावायचा.

"चिकटवलं की संपलं, मिस्त्री," त्या म्हणायच्या. "मग तो जन्मभर तलवारच धरून उभा. त्याला कधी कंटाळा येत नसेल?"

मला हे पटायचं नाही. एकदा जोडलं ते जोडलं, अशा कामावर मी वाढलेलो. पण वर जायची सवय लागली. घरात मलाही चैन पडत नव्हतं. त्या फेऱ्या मारत लढाया सांगायच्या आणि मी बाकावर बसून त्यांची भोकं तपासायचो. सरळ असायची. बाईंचा हात कारागिराचा होता, हे मी लिहून देतो.

गेल्या वर्षी एका शिपायाचं भोक तिरकं दिसलं. मी विचारलं, "हे कोणी पाडलं?"

"मीच. घाई झाली," त्या म्हणाल्या आणि उजवा हात कोटाच्या खिशात घातला.

पुढे तो हात खिशातच जास्त दिसायला लागला. दाढ काढायची असली की त्या पेशंटला स्टेशनजवळच्या दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवायच्या. मशीनवर काम केलेला माणूस समोरच्याचा आधी हात बघतो. मला कळायचं ते कळलं.

मग त्यांनी नवी फौज आणली, चाळीस शिपाई, प्रत्येकाला बदलायचे दोन-दोन उजवे हात. म्हणाल्या, "मला वेळ नाही. तुम्ही कराल?" बाहेरचा पेशंटचा बाक रिकामा होता. मी म्हटलं, "द्या."

त्यांनी बोटांनी फिरवायचं छोटं ड्रिल दिलं, कारण मशीनच्या वेगाने प्लास्टिक वितळतं. आणि लाल नेलपॉलिशची बाटली दिली. "चुंबकाचं एक तोंड ओढतं, दुसरं ढकलतं. आधी ओढणाऱ्या तोंडावर ठिपका द्या, मिस्त्री. खूण करा, मग हात लावा."

"एकतीस वर्षं मी बिनखुणेचं काम केलंय, बाई."

"लोखंडावर. हे चुंबक आहे."

बाटली मी खिडकीत ठेवली ती तिथेच राहिली. आठ दिवस खपलो. भोकं अशी की बघत राहावं. आणि शिस्त म्हणून चुंबकांच्या चिकटलेल्या चळतीतून एकेक काढत त्यांची एकच बाजू सगळीकडे बाहेर ठेवली, खांद्यातही आणि हातातही. एकसारखं काम. कारखान्यात यालाच शाबासकी मिळायची. शिपाई एका डब्यात, हात दुसऱ्या डब्यात भरले. जोडून पाहावं असं मनातही आलं नाही.

रविवारी बाई मला ठाण्याला घेऊन गेल्या. तिथल्या सगळ्यांना सांगितलं, "हे आमचे मिस्त्री. अशी भोकं तुमच्यापैकी कोणाच्या बापाने पाडली नसतील." मी ताठ उभा राहिलो.

त्यांनी पहिला शिपाई उचलला, हात खांद्याशी नेला. हात उडून टेबलावर पडला. पुन्हा नेला, पुन्हा उडाला. दुसरा शिपाई, तिसरा, तेच. सारखी तोंडं समोरासमोर आली की चुंबक ढकलणारच.

समोरचा दाढीवाला माणूस म्हणाला, "डॉक्टर, हात थरथरतोय का तुमचा?"

आता मी बोलायला हवं होतं. मी डब्याचं झाकण पुसत राहिलो. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हो. थरथरतो. वर्ष झालं." मग डबे बंद केले. "आज तुम्ही खेळा. मी बघते."

परत येताना काटई नाक्यावर आमची रिक्षा अडकली. पुढे ट्रक, मागे ट्रक. बाई सारख्या बाहेर डोकावत होत्या. मी शेवटी म्हटलं, "चुंबकं उलटी बसली. चूक माझी."

"माहीत आहे. पहिल्याच हाताला कळलं."

"मग तिथे बोलला का नाहीत?"

"तुम्हाला मिरवायला मीच नेलं होतं ना? तिथेच तुमचं नाक कापू?" पुन्हा बाहेर डोकावून म्हणाल्या, "आणि माझं कधीतरी बाहेर पडणारच होतं. पडलं एकदाचं." मग ड्रायव्हरला ओरडल्या, "अरे दादा, डावीकडून काढ ना जरा!"

दोन्ही डबे मी घरी नेले. चाळीस खांद्यांतली चुंबकं सुईने उकरून काढली. खिडकीतली बाटली उघडली. ठिपका दिला, हात लावून पाहिला, मगच बसवलं. प्रत्येक वेळी. वर चपला चालत होत्या, पण मधेमधे थांबत होत्या.

काम झालं तोवर बाईंनी दवाखाना बंद करायचं ठरवलं होतं. टिटवाळ्याला बहिणीकडे जाणार होत्या. मी वर गेलो तर पेशंटची खुर्ची गेलेली, फरशीवर तिच्या मापाचा डाग. बाक तेवढा उरला होता. "कवळीसाठी चिठ्ठी लिहिलीय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या डॉक्टरकडे जा. हट्ट करू नका." अक्षर वेडंवाकडं होतं. मी चिठ्ठी खिशात घातली आणि डबे बाकावर ठेवले.

त्यांनी शिपाई डाव्या हातात धरला, तलवारीचा हात उजव्यात. उजवा फार हलत होता. मला बघवेना, पण बघितलं. खांदा सूतभर लांब असतानाच तो इवलासा हात त्यांच्या बोटांतून स्वतःच निघाला आणि जागेवर बसला. टक्.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. दुसरा उचलला. थरथर, थरथर, टक्.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "हे तर माझा हात पोचायची वाट बघत नाहीत. आपणहून येतातच."

आणि बाकावर बसल्या. चाळिसाव्या शिपायापर्यंत उठल्या नाहीत. मी तेवढा वेळ खिडकी ते दार करत होतो.