जिराफ पाणी कसा पितो

आंबेनळी घाटात तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाच्या हाती वाळवंटात गाडी देऊ नये, हे कळायला मला थेट नामिबियाला जावं लागलं.

लेक तिकडे नोकरीला आहे. मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीवरच्या शाळेतून निवृत्त झाले, पाठोपाठ आमचे हेही झाले, आणि तिने आम्हाला बोलावून घेतलं. आठ दिवसांसाठी जीप भाड्याने घेतली होती. मागे गॅस, भांडी, पाण्याची टाकी आणि टपावर घडीचा तंबू. झोपायचं म्हणजे शिडी लावून टपावर चढायचं. "जल्मभर टपावर लोकांच्या कोंबड्या चढवल्या," हे म्हणाले, "आता आपून चढतोय." लेक मात्र खाली वेगळ्या तंबूत झोपायची. बाबांचं घोरणं तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

मला सिंह नको होता की हत्ती नको होता. मला जिराफ पाणी पिताना बघायचा होता, आणि त्याला कारण होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी प्राण्यांच्या धड्याला वर्गात जिराफ करून दाखवला. पदर खोचायचा, दोन्ही पाय फाकवायचे आणि मान लांबवून खालच्या बादलीत तोंड घालायचं. हे मी प्रशिक्षणाच्या वेळी एका बाईंकडून ऐकलं होतं. चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, तुमी सोता बघितलाय काय?" मी म्हटलं, हो, मुंबईला, बागेत. "कुठच्या बागेत?" तिचा बाप मुंबईला कामाला होता. मी तिला खाली बस म्हणून सांगितलं.

पुढे दरवर्षी मी जिराफ केला आणि दरवर्षी ते खोटं माझ्या घशाशी आलं. मुलांना मी खोटं बोलल्याबद्दल अंगठे धरून उभं करायची. जिराफ तसं पाणी पीतच नसला तर? माझ्या हाताखालून गेलेली सगळी पोरं तेच मनात धरून मोठी झाली असणार. मला खरंच लाज वाटायची.

आता यांचं. घाटात दर वळणाला हॉर्न द्यायचा, नाहीतर समोरून येणारा अंगावर येतो. त्या वाळवंटात वळणच नव्हतं. खडीचा रस्ता नाकासमोर क्षितिजापर्यंत. म्हणून हे चढाला हॉर्न द्यायचे, उताराला द्यायचे, झुडपालाही द्यायचे. पहिल्या दिवशी शहामृग पळाले. दुसऱ्या दिवशी लांब शिंगांची हरणं पळाली, आणि ती पळताना छान दिसतात असं हे वर आम्हालाच समजावू लागले. तिसऱ्या दिवशी रस्त्यालगत तीन जिराफ उभे होते. यांनी हॉर्न दिला. मला तीन शेपट्या दिसल्या.

"अहो, त्यांना काय बाजूला घ्यायचं होतं?" मी म्हटलं.

"हात आपसूक जातो गो. मी नाय दिला."

लेक म्हणाली, मी चालवते. मग हे शेजारी बसून दर चढाला पायाने नसलेला ब्रेक दाबू लागले आणि आजूबाजूला काही नसताना "आस्ते, आस्ते" म्हणू लागले. तासाभरात तिने गाडी परत यांना दिली. त्या दिवसापासून माझा अबोला सुरू झाला. भाकरी थापून यांच्या ताटलीत टाकायची आणि तोंड फिरवायचं.

शेवटच्या दिवशी आम्ही पाणवठ्यापाशी गाडी बंद करून थांबलो. खाली उतरायला मनाई होती. लेक मागून म्हणाली, "बाबा, दोन्ही हात मांडीखाली." हे शहाण्यासारखे हातांवर बसले. पाऊण तासाने एक जिराफ आला. पाण्याशी उभा राहून त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मागे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं. तेवढ्यात समोरच्या चढावरून एक गाडी वर आली. यांचा उजवा हात मांडीखालून निसटला, हॉर्नपर्यंत गेला, हवेत थांबला आणि डोकं खाजवू लागला.

आणि जिराफाने पुढचे पाय फाकवले. थोडे, मग आणखी थोडे, मग मान खाली घातली आणि प्यायला लागला. अगदी तस्साच. मला रडू फुटलं. फोटो काढायचंही राहिलं.

"बरोबर करायचीस तू," हे हळूच म्हणाले. "पण तो कसा आधी चारी बाजूंना बघून घेतो. तू नाय कधी बघितलंस."

मी अबोला विसरले. "तुम्ही कुठे पाहिलंत?"

"शाळंसमोर थांबा होता ना आमचा. दोन मिंटं जास्त थांबायचो."

"कधीची गोष्ट?"

"लगीन ठरायच्या आदीची."

आमच्या घरी हे मला बघायला आले, तेव्हा पोहे खाताना सारखे हसत होते. माझ्या वडिलांना वाटलं, पोहे आवडले. मला वाटलं, मुलगा जरा वेडसर आहे. तरी मी हो म्हटलं, कारण नोकरी सोडायला सांगत नव्हते.

"म्हणजे तुम्ही मला आधी पाहिलं ते..."

"बादलीत तोंड घातलेलं," हे म्हणाले. "सगळ्या गाडीने पायलं. पन विचारायला मीच आलो."