बरणीतलं जितं पोवळं

मला कडक मंगळ होता. म्हणजे नेमकं काय होतं ते मला आजही कळलेलं नाही, पण ज्यांना कळत होतं त्या जोशीमहाराजांकडे आमच्या घरून नेमाने शिधा जायचा. लग्न करायचं म्हणून मला चौथीनंतर शाळेतून काढलं, आणि मग लग्नच होईना. पत्रिका जायची आणि परत यायची. महाराष्ट्र नवा नवा झाला होता. आमच्या धामणगाव बढ्याला एस.टी. येत होती, पण माझ्यासाठी तिच्यातून कोणी उतरत नव्हतं.

महाराजांनी आधी तांब्यात बसवलेल्या पोवळ्याची अंगठी घालायला लावली. बोटाला हिरवा डाग पडला, दुसरं काही झालं नाही.

मला लग्नाची हौस होती असं कोणी समजू नये. मला आत्याच्या हाताखालून सुटायचं होतं. आत्या विधवा, आमच्या घराची मालकीण. सकाळी उठल्यावर तिला पहिली मीच दिसायचे आणि तिथून जी बोलणी सुरू व्हायची ती दिवा लागेपर्यंत. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "हिची तिरडीबी याच घरातून निंगन, पाह्यजा." त्या दिवशी मी ठरवलं, मिळेल त्या एस.टी.त बसायचं.

माझा मामा कोकणात बंदरावर नोकरीला होता. त्या हिवाळ्यात तो आला तो मांडीवर भली मोठी काचेची बरणी घेऊन, दुकानदार गोळ्या-बिस्किटं ठेवतात तसली. आत समुद्राचं पाणी आणि पाण्यात मुठीपेक्षा मोठा दगड. सोबत खाऱ्या पाण्याच्या आणखी दोन बरण्या. दगडावर मांस होतं. हिरवट तपकिरी, फुगलेलं, कोंबड्याच्या तुऱ्यासारखं लिबलिबीत. मामा म्हणाला, हे पोवळ्याच्या जातीचं जनावर आहे आणि खालचा दगड म्हणजे त्याचं हाड. गंमत म्हणून आणलं होतं बिचाऱ्याने.

पण त्या दिवशी महाराज जेवायला होते.

"जितं पोवळं!" त्यांनी घास खाली ठेवला. "मेल्या पोवळ्याचा इतुसा खडा मंगळाले धरते, त हा अख्खा जिता दगड त्याले बांधूनच ठेवीन!"

"महाराज, पोवळं त लाल राह्यते ना?" मी विचारलं.

"तू चौथी शिकली ना? मंग चूप बस."

बाबा कापूस घेऊन खामगावला गेले आणि बाजारात त्यांनी जित्या पोवळ्याची दवंडी पिटली. तिथल्या एका कापसाच्या दलालाकडून, त्याच्या मुलासाठी पाठवलेली माझी पत्रिका आधीच परत आली होती. तो म्हणाला, दगड खरोखर जिता असेल तर मंगळ बांधलेला समजू, माघात येऊन डोळ्यांनी पाहू. पोरगी पाहू असं म्हणाला नाही. दगड पाहू म्हणाला. म्हणजे तो दगड माघापर्यंत जगला तर मी सुटणार होते.

जाताना मामाने मला सांगितलं. सकाळचं कोवळं ऊन दे, दुपारचं नको. पाणी हलतं ठेव. आटलं तर साधं पाणी घाल, मीठ आतच राहतं. आणि त्याला मांस लागतं. हे शेवटचं हळू आवाजात, कारण बाबा माळकरी होते.

आत्याने बरणी अंधाऱ्या देवघरात ठेवली, तर जनावर आक्रसून बसलं. मी ती ओसरीवरच्या खिडकीत आणली. दुपारी बरणीला माठासारखं ओलं फडकं गुंडाळायचं. बाबांच्या सायकलच्या पंपाला रबराची नळी लावून पाण्यात हवा सोडायची. बायका जात्यावर बसतात तशी मी पंपावर बसायचे. माझं लग्न मी असं हाताने हवा भरभरून फुगवत होते. इकडे आत्या रोज नैवेद्य म्हणून पाण्यात साखर आणि साजूक तूप सोडायची. तुपाचा तवंग कागदाने टिपून काढायला पुन्हा मीच.

शेजारीण आठवडी बाजारातून सुके झिंगे आणायची. तिच्याकडून मी चार-दोन पदरात बांधून आणायचे, भिजवायचे आणि दिवेलागणीला काडीने दगडाच्या कडेला ठेवायचे. मग त्याला चहूकडून मऊ बोटं फुटायची. झिंगा हळूहळू मधल्या तोंडापाशी जायचा आणि आत गडप. माळकऱ्याच्या घरात मंगळ बांधणारा देव झिंगे खात होता.

आत्या म्हणायची, "पाह्यलं, कसा फुगला? माह्या तुपानं हो, तुपानं!"

आमच्या घरात राबणारी एक आणि नाव दुसरीचं, हे नवं नव्हतं. त्या जनावरावर माझा जीव जडला वगैरे काही नाही. खायचं, फुगून बसायचं आणि दुसऱ्यांकडून घाण काढून घ्यायची, हे सगळं आमच्या घरातल्या पुरुषांसारखंच. फक्त भाजीत मीठ कमी म्हणून ते ओरडत नव्हतं.

थोडं थोडं पाणी बदलता बदलता मामाच्या बरण्या संपल्या, आणि पाहुणे दोन दिवसांवर आले. महाराजांनी तोड काढली. लोणार. "खारं ते खारं. त्यात ते तीर्थ!"

बाबा एस.टी. बदलत बदलत लोणारला गेले आणि मांडीवर घागर घेऊन आले. घागर हिंदकळली तसा कंडक्टर म्हणाला, "काका, नातू मुतला काय मांडीवर?" बाबा म्हणाले, "तीर्थ हाये!" मग निम्म्या गाडीने तळहात पुढे केले, आणि तोंडात घेतल्यावर खिडकीबाहेर थुंकले. हे बाबांनीच घरी सांगितलं, लोकांची श्रद्धा उरली नाही म्हणून.

पाण्याला सडका वास होता आणि बोटांना ते साबणासारखं बुळबुळीत लागत होतं.

"बाबा, त्या तळ्यात मासा जगत नाही म्हणतात."

"मासा जगत नसंन. देवाले काय होते?"

आत्याने अर्धी बरणी लोणारच्या पाण्याने भरली. त्या संध्याकाळी बोटं बाहेर आली नाहीत. सकाळी मांसाचे धागे सुटून पाण्यावर तरंगत होते आणि खाली पांढरं हाड उघडं पडलं होतं. आत्याने त्यात मूठभर कुंकू टाकलं. "पाव्हण्यायले सांगा, झोपला हाये."

दुपारच्या गाडीने दलाल, त्याची बायको आणि मुलगा उतरले. मुलगा पायांकडे पाहत बसला. माझ्या नव्हे, स्वतःच्या. बाई पदर नाकाला लावून बरणीशी गेली.

"हा जिता हाये काय?"

"हाव," बाबा म्हणाले. "झोपला हाये."

"वास त उठला हाये."

दलालाने टोपी उचलली. परतीची गाडी तासाभरात होती. ती गाडी निघून गेलेली आणि मी आत्यापाशीच उरलेली, असं मला समोर दिसलं.

"मेला तो," मी म्हणाले.

आत्याने माझ्या बरगडीत कोपर खुपसलं.

"मंगळीचा पयला नवरा मरते म्हणून लोक पोरीचं लगन मडक्यासंगं लावतात ना? मंगळाले एक जीव पाह्यजे व्हता. हा या घरात माह्यासाठी आला, माह्या हातचं खाल्लं अन् मेला. आता तुमच्या पोराले कायचं भेव?"

पाहुण्यांशेजारी बसलेल्या महाराजांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते म्हणाले, "मी तेच सांगून राह्यलो व्हतो." त्यांनी तोवर तोंडही उघडलं नव्हतं. लगेच त्यांना एक श्लोकही आठवला.

दलालाच्या बायकोने पदर नाकावरून काढला. "मडकं त निर्जीवच राह्यते. हा जिता व्हता म्हणता?"

"जिता म्हंजे!" आत्या पुढे सरसावली. "माह्या तुपावर पोसला व्हता!"

दलालाने टोपी पुन्हा खाली ठेवली. दगड मेला हेच उत्तम झालं, यावर अर्ध्या घटकेत सगळ्यांचं एकमत झालं. मग बाईने विचारलं, "पोरीले पुरण जमते काय?" त्या दिवशी माझ्याबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न.

फाल्गुनात मी खामगावच्या एस.टी.त बसले. सासू आत्याच्या वरताण निघाली, पण ती निदान मला सकाळी पाहून कपाळ बडवत नव्हती. दगड मी धुऊन, उन्हात वाळवून सोबत नेला. सासूला वाटलं, पूजेला आणला. तो पांढरा आहे आणि चांगला खरखरीत आहे. आंघोळीला बसले की आजही मी त्यानेच टाचा घासते. माझा दुसरा नवरा बाहेर ओसरीवर पाण्यासाठी ओरडत असतो. त्याला मंगळाने काही केलं नाही.