डाव्या खिशात राहिलेला खडा

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. हे वाक्य माझ्या तोंडून ऐकलं तर अर्धं पातूर हसून लोळेल — मनोहरनं न सांगितलेली गोष्टही जगात शिल्लक आहे, यावर कुणाचा विश्वास बसायचा? पण आहे एक. बसा जरा जवळ.

पातूरजवळच्या एका दगडखदानीवर मी मुकादम होतो. काळा दगड सुरुंगानं फोडायचा, क्रशरमध्ये घालायचा, गिट्टी करून अकोल्या-अमरावतीच्या रस्त्यांना धाडायची. दगड असा कडक की आमच्या क्रशरचे जबडे संध्याकाळी दाढदुखीनं कण्हायचे. एकदा तर त्यांच्यासाठी अमरावतीहून दातांचा डॉक्टर बोलावला आणि तोच एक दात गमावून परत गेला. असं मी सांगायचो. लोक हसायचे आणि त्यातला एक शब्दही खरा मानायचे नाहीत. आमचं ठरल्यासारखंच होतं ते.

मग सुरुंगांचे आवाज मोजायचं काम माझ्यासारख्या थापाड्याकडे कसं आलं? हे मला स्वतःलाही नीटसं कळलेलं नाही. सुरुंग लावायचे हमीदचाचा. बारुदीत जन्म गेलेला माणूस. तिनंच त्यांचे कानही नेले होते. वाती लहानमोठ्या ठेवायचे, म्हणजे सुरुंग एकामागून एक उडतात आणि मोजता येतात. दगडात ड्रिलनं पाडलेले जितके होल, तितके आवाज व्हायला हवेत. एक कमी भरला, तर एक सुरुंग जिवंत आहे, ढिगाखाली कुठंतरी दबा धरून. मग त्या दिवशी काम बंद. कुणी तिकडे पाऊल टाकायचं नाही. दुसऱ्या दिवशी चाचाच जाऊन तो शोधणार.

चाचांनी मला पद्धत घालून दिली होती. जितके होल, तितके खडे डाव्या खिशात. आवाज झाला की एक खडा उजव्या खिशात. डोक्यात मोजायचं नाही. "तेरे दिमाग का भरोसा नहीं मनोहर, जेब का है," असं म्हणायचे. सगळे हसायचे, मीही. पण बघा ना — ज्याचं काहीच खरं मानायचं नाही, त्याचा तेवढा एक आकडा सगळे खरा मानायचे. त्याच्यावर पाय टाकून पुढे जायचे.

त्या दिवशी अकरा होल होते. शालिकनं मारलेले. शालिक आमचा ड्रिलवाला, तेल्हाऱ्याकडचा — उंच, मुका म्हणावा इतका कमी बोलणारा, आणि माझ्या गोष्टींना सर्वांत आधी हसणारा. तो हसला की मला आणखी चेव यायचा. खरं सांगतो, निम्म्या थापा मी एकट्या शालिकसाठीच रचल्या.

दुपारच्या जेवणाआधी वाती पेटवून चाचा पळत आले. आम्ही सगळे जुन्या टिप्परच्या आडोशाला बसलो. आणि मला — काय सांगू — गप्प बसवेना. मी सुरू केलं. मागं आपल्या खदानीतला एक दगड उडाला, तो सरळ तेल्हाऱ्याला, शालिकच्या मामाच्या पोरीच्या लग्नात, जेवणाच्या पंगतीत. इकडे धडाका. एक खडा उजव्या खिशात. आचाऱ्याला वाटलं, कणकेची बट्टी निसटली. त्यानं उचलून वरणात टाकली. धडाका. खडा. धडाका. खडा. व्याही बसला कुस्करायला, कुस्करता कुस्करता हाताचं सालटं निघालं, पण मानपानाचा प्रश्न, बोलणार कसं — आणि शेवटी तूप मागून घेतलं आणि म्हणतो, "सगळं बेस झालं, एवढी एक बट्टी जराशी कडक हाये."

शालिक तोंडावर दुपट्टा दाबून आडवा झाला. बाकीचेही. त्या हसण्यात शेवटचे आवाज झाले. किती झाले? मला वाटलं, सगळे झाले. धूळ बसली. चाचांनी कानाशी हात नेऊन विचारलं, "कितने हुए?"

मी म्हणालो, अकरा.

ही चूक होती. चूकच म्हणा, मी भांडणार नाही. पण मला जे सांगायचंय ते हे नाही. चुकीची गोष्ट मी दारू पिऊन एखादवेळी सांगितलीही असती.

जेवायला बसलो. भाकर, ठेचा, कांदा. पाणी प्यायला उठलो आणि हात पुसायला रुमाल काढावा म्हणून डाव्या खिशात हात घातला. तिथं खडा होता. एकच.

काळजाचा ठोका चुकला वगैरे लोक म्हणतात. माझं तसं काही झालं नाही. मी तो खडा बोटांनी चाचपला, गोल फिरवला, आणि स्वतःला एक गोष्ट सांगायला लागलो. मी दुसरं करतो तरी काय? म्हटलं, आवाज अकराच झाले, हसण्याच्या नादात एक खडा हलवायचा राहिला. गोष्ट चांगली जमली होती. माझा स्वतःचाही विश्वास बसला — जवळपास.

आणि बोललो असतो तर? अर्धा दिवस काम बंद. क्रशर रिकामा, टिप्पर उभे, मालकाचा फोन. तेही चाललं असतं हो. पण सगळे काय म्हणाले असते, ते मला आधीच ऐकू येत होतं — "मनोहरभाऊच्या आकड्यातबी वरण-बट्टी निघाली." माझी एकच गोष्ट खरी मानत होते, तीही गेली असती. तेवढ्यासाठी. बाकी काही नाही. तेवढ्याचसाठी मी तो खडा गिट्टीच्या ढिगावर टाकून दिला. लाखो खड्यांत एक. कुणाला सापडणार?

समोर शालिक जेवून उठला. हात धुतले, खांद्यावर मशीन घेतलं. जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाला, "भाऊ, व्याही जिता हाये का मेला?" मी म्हणालो, "तूप मांगून राह्यला अजून." तो हसतच वर चढला. माझ्याकडे पन्नास पावलांचा वेळ होता. तो हळू चालतो.

मी हाक मारली नाही.

मशीनचा आवाज सुरू झाला. मी दुसरीकडे बघत होतो, एका टिप्परच्या चाकाकडे; त्याच्या खाचेत अडकलेला दगड मला आजही काढून दाखवता येईल इतका नीट आठवतो. आणि मग झाला तो. एकच. एकटाच. सुरुंगांच्या रांगेतून मागं राहिलेला. आणि माझ्या मनानं — मी नाही, माझ्या मनानं आपसूक — मोजलं.

अकरा.

शालिकचा उजवा हात मनगटापासून गेला. डावा डोळा गेला. त्याला खाली आणताना मी त्याचे पाय धरले होते. हे मी पुढं सगळ्यांना सांगत आलो, की पाय मी धरले होते.

चौकशीला साहेब आले. मला विचारलं, आवाज किती? मी म्हणालो, अकरा. मग त्यांचा हिशेब सोपा होता. अकरा होल, अकरा आवाज, म्हणजे न फुटलेला सुरुंग असूच शकत नाही. म्हणजे शालिकनंच आळस करून फुटलेल्या होलाच्या बुडात मशीन घातलं असणार, आणि तिथं उरलेला बारुदीचा मसाला पेटला. जुन्या होलात मशीन घालायचं नाही, हे ड्रिलवाल्याला पहिल्या दिवशी शिकवतात. कागदावर चूक शालिकची झाली. मशीन उचलल्यानंतरचं शालिकला काहीच आठवत नव्हतं. त्यानं ती चूक मान्य केली. माझ्यादेखत.

पुढं आमच्या खदानीत वातीचे सुरुंग बंद झाले, मीही काम सोडलं. यंदा तिथं नव्या पोरांसाठी सुरक्षेचा कार्यक्रम ठेवला आणि शालिकला बोलायला बोलावलं. त्यानं हट्ट केला, मनोहरभाऊले बी बोलवा. मी गेलो. शेजारी खुर्ची दिली, गळ्यात हार घातला. शालिक उभा राहिला, मनगट सगळ्यांना दिसेल असं वर धरलं आणि म्हणाला, "हे पाहा. मोजणाऱ्यानं बरोबर मोजलं होतं. चूक माही हाये." टाळ्या वाजल्या. मग मला बोलायला सांगितलं. आणि मी उठून त्यांना दाढदुखीच्या क्रशरची गोष्ट सांगितली. पोरं लोळली.

नंतर पत्रावळीवर शेजारी बसलो. शालिक डाव्या हातानं बट्टी कुस्करत होता — हो, तिथं वरण-बट्टीच होती, हे मी रचलेलं नाही. कुस्करता कुस्करता, मान वर न करता, तो हळू आवाजात म्हणाला, "एक सांगू काय भाऊ? कोनाले सांगू नका. मले त्या दिवशी दहाच ऐकू आले होते. पन तुमी अकरा म्हनले, म्हनून मी समजलो, आपलेच कान गेले. तवापासून मी सोताच्या कानावर भरोसा ठेवत नाई. घरी पोरगं हाक मारते, तं दोनदा इचारतो, तू बोलला काय."

मी त्याच्या वरणात तूप वाढलं.

शालिकचा उजवा डोळा शाबूत आहे. चष्मा लावून तो पेपर वाचतो, सावकाश, एकेका अक्षरावर थांबत. हे मी त्याच पेपरात छापायला दिलंय. इथवर तो पोचेल.

दहाच झाले होते, शालिक. तुझे कान बरोबर होते.