फौजदाराला मशीन लावलं

दुपारचं जेवण उरकून राजमती खाटेवर अंग टाकते. डोळे मिटतात, राग मिटत नाही. पाच वाजता समडोळीचा चौगुले यायचा आहे. त्याच्या गुळाच्या गोदामात घुशी माजल्यात, त्याला फौजदार हवाय. अजून तीन तास कळ काढायची, की ही ब्याद घरातून जाईल.

फौजदार म्हणजे कुत्रा, वायर फॉक्स टेरियर जातीचा. वजन जेमतेम आठ किलो आणि तोरा अठरा गावच्या पाटलाचा. लांबोळकं तोंड, चौकोनी दाढी, पुढे दुमडलेले कान, मिरीसारखे काळे डोळे. कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच म्हणतात. याचं मात्र चोवीस तास ताठ. कोंडलं तर दार ओरबाडतो, सोडलं तर जास्वंदीची मुळं उकरतो. फाटकासमोरून दुसरा कुत्रा नुसता गेला तरी ह्याला तो स्वतःचा अपमान वाटतो. आणि घरात आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याने एक उंदीर मारला आणि अगदी अदबीने राजमतीच्या देव्हाऱ्यासमोर आणून ठेवला. पाण्यातला जीव जाऊ नये म्हणून पाणी गाळून पिणारी ही जैनाची बाई. तिने दोन दिवस उपास केला.

हे लोढणं तिच्या गळ्यात बांधून गेला तो तिचा धाकटा भाऊ, भूपाल. मिरजेत दातांच्या कवळ्या करायचा. लग्न केलं नाही, कुत्रा पाळला. चार महिन्यांपूर्वी वारला. वर्षभर पोटात कॅन्सर घेऊन हिंडत होता आणि सांगलीत राहणाऱ्या सख्ख्या बहिणीला पत्ता नव्हता. तिला कळलं ते शेवटच्या तीन दिवसांत, तेही नर्सकडून. मागे काय ठेवलं, तर रेघी कागदाची सहा पानं. फौजदाराचे कान कसे पुसायचे, दाढीत अडकलेली शितं कशी काढायची, सकाळी किती वेळ पळवायचं. अक्का हा शब्द सहा पानांत एकदाच येतो. ‘अक्काला सांगा, मशीन लावू नको. केस बोटांनी उपटायचे.’

उपटायचे हे वाचूनच तिच्या अंगावर काटा आला होता. लहानपणी बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, तिने मुनिमहाराजांचा केशलोच पाहिला होता. डोक्यावरचे, दाढीचे केस ते हाताने उपटत होते आणि ती आईच्या पदरात तोंड लपवून बसली होती. पण महाराजांनी व्रत घेतलेलं असतं. ह्या मुक्या जनावराने कुठलं व्रत घेतलंय? दया येऊन तिने त्याला कुत्र्यांचे केस कापायच्या दुकानात नेलं आणि मशीन फिरवून आणलं. काथ्यासारखे राठ, काळे-तांबूस केस गेले ते गेलेच. नंतर आले ते कापसासारखे मऊ आणि फिकट. कातडीवर पुरळ उठलं. आता पाठीला हात लावला की फौजदार दात दाखवतो, आणि दोनदा तो चावलाही आहे.

आत्ताही तो खाटेखाली अंग खाजवतोय. खर्र, खर्र. पंख्याचा आवाज लांब जातो, उशी गार लागते. खर्र, खर्र.

भूपाल कानस चालवतोय. तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच ओट्यावर मांडी घालून तो एक गुलाबी कवळी घासतोय. पांढरी भुकटी खाली आमटीच्या पातेल्यात पडतेय. फौजदार त्याच्या मांडीला टेकून बसलाय. भूपाल इथे कसा, हा प्रश्न राजमतीला पडतच नाही. तिला राग येतो तो भुकटीचा.

“ओट्यावरून उतर,” ती म्हणते.

“उतरतो की.” तो हलत नाही. “मशीन लावलंस व्हय गं अक्का?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते. मेलेला माणूस चार महिन्यांनी भेटतो आणि पहिलं विचारतो काय, तर हे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

“लावलं. मग काय त्याचे केस ओढून त्याला रडवत बसू?”

“रडत नाही तो. मेलेले केस असतात ते. दुखत नाहीत.”

“दुखतं का नाही, तू मला सांगतोयस? तू?”

ओट्यापुढे दोरी बांधलेली आहे आणि दोरीपलीकडे मैदान. कोल्हापूरचं, कुत्र्यांच्या प्रदर्शनाचं. मांडव, लाउडस्पीकर, झूल घातल्यासारखे विंचरलेले कुत्रे. भूपालच्या छातीवर नंबराचा कागद आहे. फौजदार टेबलावर चार पाय रोवून उभा आहे, पूर्वीसारखा राठ आणि काळा-तांबूस. पांढरा कोट घातलेले परीक्षक त्याचा जबडा उघडून दात बघतात, पाठीवरून हात फिरवतात, मान डोलावतात. मग ते वळतात आणि तितक्याच शांतपणे भूपालच्या पोटावर हात दाबतात.

“वर्ष झालं असेल,” परीक्षक म्हणतात. “घरी सांगितलंय?”

“सांगितलंय की.”

“कुणाला?”

भूपाल टेबलाकडे बोट करतो. “ह्याला.”

लाउडस्पीकरवरून फौजदाराचं नाव पुकारतात, लोक टाळ्या वाजवतात. राजमती दोरी धरून ओरडतेय, मला सांग, मला सांग, पण तिच्या तोंडातून आवाज फुटत नाही. ती दोरी जोरात हिसडते. सर्रकन पडदा सरकतो आणि आत मिरजेच्या दवाखान्यातली खाट आहे, चादर घडी घातलेली. भूपाल खाटेच्या कडेला पाय सोडून बसलाय. आता तिला आवाज आहे, आणि तो ती वापरते.

“कुत्र्याला सांगितलंस. मला नाही.”

“तू घाबरली असतीस, अक्का. भावजींना जाऊन दोन वर्षं झाली नव्हती. त्यांच्या आजारपणात एवढं सगळं करून तू नुकती कुठं उठून बसली होतीस. परत तुला कशाला दुखवायचं म्हटलं.”

“म्हणजे माझी कीव केलीस.”

“तसंच म्हण.”

“कुणी सांगितली होती तुला?” तिचा आवाज चढतो. पलीकडच्या खाटांवरचे पेशंट उठून बसतात, बसेनात का. “एक वर्ष होतं माझ्याकडे. तुझ्यासाठी पेज केली असती, तुझं डोकं चेपलं असतं, तुझ्याशी भांडले असते. तीन दिवस मिळाले मला. त्यातले दोन तू शुद्धीवर नव्हतास. मला दुखू नये म्हणून! मला काय कमी दुखलं? उलट आता कुणाला सांगायची सोय नाही.”

भूपाल चादरीची घडी नीट करतो. तो काहीतरी समजुतीचं बोलेल आणि मग आपण त्याला फाडून खाऊ, अशा तयारीत ती उभी आहे. चार महिने ती हेच भांडण एकटीने घासूनपुसून ठेवत आलीय.

“चुकलं माझं,” तो म्हणतो.

एवढंच. तिला अजूनच चीड येते.

“चुकलं म्हटल्याने राग जात नाही.”

“राहू दे की. माझ्यावर राहू दे. पण चौगुल्याला कुत्रा देऊन तो काढू नको. चौगुले बांधून घालणार त्याला. ही जात बांधली की वेडी होते, स्वतःचेच पाय चावत बसते. लिहिलं होतं मी, चौथ्या पानावर.”

“सहा पानं त्याच्यावर लिहिलीस. माझ्यावर एक ओळ लिहायला हात मोडला होता?”

“चारपाचदा बसलो. तुझं नाव लिहिलं की पुढं येईना.”

पायाखालच्या फरशा तापलेल्या आहेत. बस्तीच्या पायऱ्या. रांगेने चपला काढलेल्या, आत कुणाचा तरी पूजेचा सूर. कुत्रं इथे आणायचं नसतं, हे ती सांगणार तेवढ्यात भूपाल खालच्या पायरीवर, पार फाटकाशी बसून फौजदाराला दोन गुडघ्यांत घेतो आणि तिचा उजवा हात ओढून घेतो. केस निसटू नयेत म्हणून तिच्या अंगठ्याला आणि तर्जनीला तो कवळीची पांढरी भुकटी चोळतो. त्याची बोटं गरम आहेत.

“कातडी डाव्या हाताने ताणून धर. एका वेळी चारच केस. वाढतात त्याच दिशेला ओढ.”

“नको. त्याला लागेल.”

“ओढ गं.”

ती ओढते. घेवड्याच्या शेंगेची शीर निघावी तसे केस निघून येतात. फौजदार दात दाखवत नाही. तो डोळे अर्धे मिटतो आणि पाठ तिच्याकडे सरकवतो. ती परत ओढते, परत.

“मशीन वरचं वरचं कापतं,” भूपाल म्हणतो. “मेलेला केस आत तसाच राहतो. त्याचीच खाज आहे ती.”

राजमतीचे हात थांबत नाहीत. “म्हणजे मी दया केली आणि ह्याचे हाल केले.”

“तू ह्याच्यावर केलीस, मी तुझ्यावर.”

“दोघं एकजात मूर्ख.” ती हे रागानेच म्हणते. “राठ केस परत येतात का?”

“येतात की. सहा-आठ महिने जातील. मधनंमधनं चावेल.”

“मी पण चावेन. अजून माझं बोलून झालेलं नाही, भूपाल.”

तो उठून चपलांच्या रांगेत आपली चप्पल शोधतोय. बस्तीतली घंटा वाजते. ती त्याला थांब म्हणते, घंटा परत वाजते, आणि तिसऱ्यांदा वाजते तेव्हा ती दाराची घंटा असते.

राजमती खाटेवर नाही, खाली फरशीवर बसलेली आहे. खिडकीत उन्हं कलली आहेत. फौजदार तिच्या मांडीला पाठ लावून गाढ झोपलाय. तिची उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे. उघडते तर आत केस, मऊ, फिकट, मुळासकट निघालेले, मूठभर. हाताला कुठे दाताची नवी खूण नाही.

ती तशीच उठून दार उघडते. चौगुले दारात उभा आहे.

“अक्का, बुट्टी आणलीय झाकणाची. घालायचं का त्याला?”

“नाही मिळणार कुत्रा.”

“अहो, पण ठरलं होतं की आपलं.”

“मीच ठरवलं, मीच मोडतेय. घुशींना दुसरं काहीतरी बघा.” ती दार लावून घेते, जरा जोरातच.

मग परत येऊन फरशीवर बसते आणि जागा झालेल्या फौजदाराला दोन गुडघ्यांत धरते. डाव्या हाताने कातडी ताणते. राग अजून आहे तिथेच आहे.

“हे बघ,” ती त्याला दरडावते. “दुखलं तर दुखलं म्हणून सांगायचं. तुझ्या मालकासारखं गप बसायचं नाही.”

ती ओढते. फौजदार गुरगुरतो. ती हात थांबवते, आणि तो गप्प होईपर्यंत वाट बघत बसते.